एक छोटा कमांड-लाइन प्रोग्राम लिनक्स, मॅक, विंडोज आणि फ्रीबीएसडीवर कसा बांधावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे : सी भाषेतला एक छोटा कमांड-लाइन प्रोग्राम आहे. दिलेल्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले ओळखीचे आकडे, काढून तो एकसारख्या फाइली शोधतो. यादी लावायला त्यात क्यूसॉर्ट-आर हे फंक्शन वापरलं आहे. लिनक्सवर सगळं व्यवस्थित चालतं. मॅकवर कंपाइल होतं, पण यादी लावताना प्रोग्राम कोसळतो. विंडोजवर त्याच फाइलीचा चेकसम भलताच येतो. प्रत्येक सिस्टिमसाठी अटी घालून घालून मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, वाचण्यापलीकडे गेली आहे. तर बांधणीच्या साधनांपैकी ऑटोटूल्स घ्यावं की सीमेक, सेटिंग्जची फाइल कुठे ठेवावी, आणि एका लिनक्सवर बांधलेली बायनरी (चालवायला तयार फाइल) दुसऱ्या लिनक्सवर का चालत नाही?

साधन कोणतं घ्यायचं ते पुढे सांगतो. पण साधन बदलून तुमची अडचण सुटणार नाही, हे आधी लक्षात घ्या. तुमच्या मेकफाइलमधल्या अटी "हा मॅक आहे का", "हे फ्रीबीएसडी आहे का" असं विचारतात आणि त्या नावावरून बाकीचं सगळं गृहीत धरतात. त्याच अटी सीमेकमध्ये लिहिल्या तर गोंधळ एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत जाईल, इतकंच. बिल्डने, म्हणजे प्रोग्राम बांधणाऱ्या व्यवस्थेने, विचारायला हवं ते असं : हे फंक्शन इथे आहे का, ते आर्ग्युमेंट्स कोणत्या क्रमाने घेतं, हा हेडर (फंक्शन्सच्या घोषणांची फाइल) सापडतो का, या टाइपचा आकार किती आहे. आणि मिळालेलं उत्तर खरं आहे की नाही, हेही तपासायला हवं. या दुसऱ्या भागाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं आणि तिथेच दिवसच्या दिवस वाया जातात.

मॅकवरच्या कोसळण्यापासून सुरुवात करू. लिनक्सवर वापरात असलेल्या जीएनयूच्या क्यूसॉर्ट-आरमध्ये चौथं आर्ग्युमेंट म्हणजे तुलना करणारं फंक्शन आणि पाचवं म्हणजे त्या फंक्शनला पुरवायचा संदर्भ. बीएसडी परंपरेत, आणि म्हणून मॅकवरही, हे दोन्ही उलट आहेत : आधी संदर्भ, मग फंक्शन. शिवाय तुलना करणाऱ्या फंक्शनला जीएनयू तो संदर्भ शेवटी देतं, तर बीएसडी सुरुवातीला. विंडोजवर नावच वेगळं, क्यूसॉर्ट-एस. तिथे बाहेरचा क्रम जीएनयूसारखा आणि आतला बीएसडीसारखा. तुम्ही संदर्भ म्हणून व्हॉइड पॉइंटर देत असाल, तर पेडँटिक फ्लॅग लावल्याशिवाय कंपायलर अवाक्षरही काढणार नाही. मग चालताना तुमच्या डेटाचा पत्ता फंक्शन समजून त्यालाच कॉल केला जातो आणि प्रोग्राम आडवा होतो.

यावर नेहमीचा इलाज म्हणजे "मॅक किंवा फ्रीबीएसडी असेल तर उलटा क्रम" अशी अट टाकणे. ती अट काही वर्षं चालली असती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी १४.० ने जीएनयूचा क्रम स्वीकारला, कारण युनिक्ससारख्या सिस्टिम्ससाठीच्या पॉझिक्स मानकाने तोच घ्यायचं ठरवलं होतं आणि पुढे २०२४ च्या आवृत्तीत तो आलाही. जुना कोड मोडू नये म्हणून त्यांनी हेडरमध्ये सोय ठेवली आहे, तरी सिस्टिमचं नाव पाहून क्रम ठरवणारा कोड आता त्या सवलतीच्या भरवशावर उभा आहे. मॅकवर अजून जुनाच क्रम आहे. म्हणजे ज्या दोन सिस्टिम्स तुम्ही एकाच अटीत बसवल्या होत्या, त्या आता एकसारख्या राहिलेल्या नाहीत.

"मग फंक्शन आहे का ते तपासू" म्हणाल, तर तेही पुरत नाही. ऑटोकॉन्फमधली फंक्शन तपासणारी नेहमीची चाचणी आणि सीमेकमधली तिची भावंडं त्या नावाशी लिंक होतं का, एवढंच बघतात. नाव तर लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी सगळीकडे आहे. चाचणी सगळीकडे "हो" म्हणेल. इथे कंपाइलची चाचणी हवी. एक चार ओळींचा सी प्रोग्राम लिहा, त्यात मूळ हेडर घ्या आणि खाली तुम्हाला अपेक्षित असलेल्या क्रमाने त्याच फंक्शनची घोषणा पुन्हा लिहा. हेडरमधली घोषणा वेगळी असेल तर परस्परविरोधी टाइप्सची एरर येते, आणि ती जीसीसी आणि क्लँग या कंपायलरमध्ये वॉर्निंगवर भागत नाही. फंक्शनच्या नावाभोवती कंस घाला, म्हणजे त्या नावाचा मॅक्रो असला तरी तो आड येणार नाही.

एवढं सांगून झाल्यावर तुमच्या प्रोग्रामसाठी माझा खरा सल्ला मात्र वेगळा आहे : क्यूसॉर्ट-आर काढूनच टाका. तुलनेला लागणारी माहिती, म्हणजे फाइलीचा आकार, चेकसम आणि नाव, प्रत्येक नोंदीच्या स्ट्रक्चरमध्येच ठेवा आणि साधं क्यूसॉर्ट वापरा. ते सी च्या पहिल्या मानकापासून सगळीकडे आहे. पोर्टिंगचं निम्मं काम हे असं गरजा कमी करण्याचंच असतं.

आता उत्तर खरं आहे का, या मुद्द्याकडे येतो. चाचणीचा छोटा प्रोग्राम कंपाइल झाला नाही, तर बिल्ड असं समजतो की ही सोय इथे नाही. पण तो कंपाइल न होण्याचं कारण काहीही असू शकतं : हेडर घ्यायचा राहिला, फ्लॅग चुकला, एखादं चिन्ह जास्तीचं पडलं. मार्च २०२४ मध्ये प्रोग्रामर अँड्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीला आणलेलं एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनांचं प्रकरण तुम्हाला माहीत असेल. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलेलं होतं, आणि ते सुरू करणारी एम-फोर स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गाठोड्यात) होती. त्याच प्रकरणात आणखी एक बारीक गोष्ट सापडली, ती बिल्ड लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. लिनक्सची लँडलॉक ही सुरक्षेची सोय उपलब्ध आहे का हे तपासणाऱ्या सीमेकच्या चाचणीत एका ओळीत फक्त एक टिंब टाकलेलं होतं. त्या टिंबामुळे चाचणीचा प्रोग्राम कधीच कंपाइल होऊ शकत नव्हता. बिल्डने काहीही तक्रार केली नाही. "लँडलॉक नाही" असा निष्कर्ष काढून तो पुढे गेला.

तिथे ते मुद्दाम केलेलं होतं. आपल्याकडे तेच अजाणता होतं. क्लँग १६ आणि जीसीसी १४ यांनी घोषणेशिवाय फंक्शन वापरणं ही वॉर्निंग न ठेवता थेट एरर केली. योग्यच केलं. पण कितीतरी जुन्या, बांधणीआधी सिस्टिम तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्ट्समधल्या चाचण्यांत एखादा हेडर घ्यायचा राहिलेला होता आणि वॉर्निंगवर निभावत होतं. नव्या कंपायलरवर त्या चाचण्या एका रात्रीत "नाही" म्हणायला लागल्या. प्रोग्राम बांधला जातो, चालतोही, फक्त एखादी सोय गुपचूप गायब झालेली असते.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. पहिली : कॉन्फिगर संपल्यावर काय सापडलं आणि काय नाही याचा गोषवारा स्क्रीनवर छापा, आणि अनपेक्षित "नाही" दिसलं की ऑटोटूल्समध्ये कॉन्फिग.लॉग उघडून नेमकी एरर वाचा. त्यात चाचणीचा पूर्ण कोड आणि कंपायलरचा शब्दन्‌शब्द असतो. दुसरी : प्रत्येक ऐच्छिक सोयीला "आपोआप", "हवीच" आणि "नको" अशा तीन अवस्था ठेवा. वापरणाऱ्याने "हवीच" म्हटलं आणि ती सापडली नाही तर बिल्ड तिथेच थांबला पाहिजे. मेसन या आणखी एका बांधणी-साधनात ही तीन अवस्थांची सोय तयारच मिळते. बाकी ठिकाणी थोडं लिहावं लागतं, पण लिहा.

विंडोजवरचा वेगळा चेकसम : तुम्ही फाइल नुसती "आर" मोडमध्ये उघडत आहात. युनिक्सच्या घराण्यात त्याने काही बिघडत नाही. विंडोजच्या सी लायब्ररीत मात्र त्याचा अर्थ मजकूर मोड असा होतो, आणि त्या मोडमध्ये दोन गोष्टी घडतात. १३ आणि १० हे लागोपाठचे बाइट्स (विंडोजवर ओळ संपल्याची खूण) वाचताना फक्त १० होतात. आणि २६ हा बाइट दिसला की फाइल तिथे संपली असं मानलं जातं. दुसरी गोष्ट तुमच्यासाठी फार धोक्याची आहे. प्रत्येक पीएनजी चित्राच्या सुरुवातीचे आठ बाइट्स ठरलेले आहेत : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. असल्या भाषांतरात फाइल बिघडली तर लगेच कळावं म्हणूनच ते तसे निवडलेले आहेत. तुमचा प्रोग्राम त्यातले पहिले चार वाचतो, १३-१० चा १० करतो, २६ पाशी थांबतो. म्हणजे जगातल्या प्रत्येक पीएनजी फाइलीतून त्याला तेच पाच बाइट्स मिळतात, आणि विंडोजवर तुमची सगळी चित्रं "एकसारखी" ठरतात. प्रोग्रामला दुबार फाइली पुसून टाकायचा पर्याय असेल, तर हे दुरुस्त होईपर्यंत विंडोजची बायनरी कोणालाही देऊ नका.

इलाज सोपा आहे : सगळीकडे "आरबी" लिहा. पॉझिक्स सिस्टिम्सवर त्या "बी"चा काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे अट घालायची गरज नाही. पाइपमधून येणारा डेटा वाचत असाल तर विंडोजवर स्टँडर्ड इनपुट वेगळं बायनरी मोडमध्ये टाकावं लागतं. आउटपुटचंही तेच. नाहीतर विंडोजवर बनवलेल्या चेकसमच्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ हा जास्तीचा बाइट जातो. ती यादी लिनक्सवर पडताळायला घेतली की तो बाइट फाइलीच्या नावाचा भाग समजला जातो आणि एकही फाइल सापडत नाही. स्क्रीनवर नाव तर बरोबर दिसत असतं, त्यामुळे माणूस चक्रावून जातो.

आकारांचा घोळ असाच शांतपणे होतो. ६४ बिटच्या लिनक्स आणि मॅकवर लाँग हा टाइप ६४ बिटचा आहे. ६४ बिटच्या विंडोजवर तो ३२ बिटचाच आहे. फाइलीचा आकार किंवा त्यातली जागा तुम्ही लाँगमध्ये ठेवत असाल तर २ जीबीच्या पुढे विंडोजवर उत्तर चुकतं. आकारासाठी ठरावीक रुंदीचे ६४ बिटचे टाइप्स वापरा आणि ते छापताना त्यांच्यासाठी असलेले मॅक्रो वापरा. ३२ बिटच्या लिनक्सवर फाइल ऑफसेट ६४ बिटचा करायला वेगळी व्याख्या द्यावी लागते. ती सगळ्या फाइलींना बिल्डमधून द्या, एका सोर्स फाइलीच्या डोक्यावर लिहू नका. नाहीतर एकाच प्रोग्राममधल्या दोन फाइली एकाच स्ट्रक्चरचे दोन वेगळे आकार धरून बसतात.

कॅरॅक्टर टाइपचंही पाहून ठेवा. इंटेलवर आणि ॲपलच्या आर्म चिप्सवर तो चिन्हासहित असतो, आर्मच्या लिनक्सवर मात्र चिन्हाविना. एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरचं उत्तर कॅरॅक्टरमध्ये साठवून फाइल संपल्याच्या उणे एकशी ताडून पाहणारा कोड आर्म लिनक्सवर कधीच थांबत नाही, कारण उणे एकचे २५५ झालेले असतात. ते उत्तर पूर्णांकातच ठेवायचं असतं. मॅकच्या आर्मवर चाललं म्हणून लिनक्सच्या आर्मवर चालेल असं समजू नका.

फाइलींच्या नावांना थोडा वेळ द्यावा लागेल, कारण तुमचा प्रोग्राम नावांवरच जगतो. विंडोजचा गाभा नावं यूटीएफ-१६ मध्ये ठेवतो आणि प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या साध्या मेन फंक्शनमध्ये येणारी आर्ग्युमेंट्स त्या मशीनच्या जुन्या कोडपेजमधून (अक्षरांच्या तक्त्यातून) गाळून येतात. देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात ती त्यामुळे. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतच्या माहितीच्या फाइलीत) यूटीएफ-८ मागता येतं. त्याआधीच्या सिस्टिम्स सोडून द्यायला तुमची हरकत नसेल तर हा मार्ग सगळ्यात कमी त्रासाचा. नाहीतर रुंद अक्षरांचं मेन आणि रुंद अक्षरांची फाइल फंक्शन्स वापरावी लागतील. २६० अक्षरांची पाथची मर्यादाही तिथे आहे. खोल फोल्डरमध्ये शिरणाऱ्या प्रोग्रामला ती हमखास आडवी येते.

मॅकची अडचण वेगळी. युनिकोडमध्ये काही अक्षरं एका संकेतांकाने किंवा दोन संकेतांकांनी लिहिता येतात आणि दोन्ही समान मानली जातात. "दऱ्या" या नावातला ऱ घ्या : तो एकच संकेतांक असू शकतो किंवा र आणि नुक्ता अशी जोडी. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करून साठवते. नवी एपीएफएस दिलेलं रूप तसंच ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. लिनक्सवर ती सरळ दोन वेगळी नावं ठरतात. म्हणून एका मशीनवरची यादी दुसऱ्यावर पडताळताना नावांचे बाइट्स थेट जुळवू नका; जुळवण्यापुरतं दोन्ही नावांना एका रूपात आणा, आणि फाइल उघडताना मात्र सिस्टिमने दिलेलं मूळ नावच वापरा. मॅक आणि विंडोज दोन्ही मूळ मांडणीत लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाहीत, हेही यादी जुळवताना धरून चाला.

एवढे फरक पाहिल्यावर ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न येतो. कोडभर अटी पसरू देऊ नका. फोल्डर वाचणं, फाइलीची माहिती घेणं, सेटिंग्जची जागा काढणं, टर्मिनलची रुंदी विचारणं अशा आठ-दहा फंक्शन्सचा एक हेडर करा. त्याच्या मागे दोन सोर्स फाइली : एक पॉझिक्ससाठी, एक विंडोजसाठी. कोणती घ्यायची ते बिल्ड ठरवेल. इथे सिस्टिमचं नाव विचारणं योग्य आहे, कारण विंडोजचा सगळा इंटरफेसच वेगळा आहे. पॉझिक्सच्या फाइलीत आतल्या फरकांसाठी मात्र चाचणीतून आलेल्या व्याख्याच वापरा. उरलेल्या कोडमध्ये एकही अट दिसता कामा नये.

आता साधन. तुम्हाला विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओने बांधता यायला हवं असेल तर सीमेक घ्या. ऑटोटूल्स १९९१ पासून आहे आणि युनिक्सच्या घराण्यात, विशेषतः एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी बांधताना, अजूनही उत्तम काम करतं. पण त्याला शेल लागतं, आणि विंडोजवर त्यासाठी एमसिस-२ किंवा सिग्विन असं युनिक्ससारखं वातावरण बसवावं लागतं. मेसन वाचायला सगळ्यात स्वच्छ आहे. तिन्हींपैकी कुठलंही घेतलंत तरी वरचे नियम तेच राहतात. नुसती मेकफाइलच ठेवायची असेल तर मॅकवर मिळणारं जीएनयू मेक ३.८१ हे २००६ चं आहे आणि फ्रीबीएसडीवरचं मेक जीएनयूचं नाहीच, तिथे जीमेक म्हणावं लागतं.

सीमेकच्या दोन-तीन जागा सांभाळा. बिल्ड टाइप दिला नाही तर मेक आणि निंजा या बांधणी चालवणाऱ्या साधनांसाठी तो रिकामा राहतो, म्हणजे ऑप्टिमायझेशन लागत नाही. चेकसम काढणारा प्रोग्राम त्यामुळे कित्येक पट हळू चालतो आणि लोक दोष तुमच्या कोडला देतात. एकदा मिळालेली उत्तरं कॅशमध्ये राहतात. नवी लायब्ररी बसवूनही "सापडली नाही" येत असेल तर बिल्डचं फोल्डर पुसून पुन्हा सुरू करा, आणि त्यासाठी ते फोल्डर सोर्सपासून वेगळं ठेवा. किमान आवृत्ती २.८ लिहिलेले जुने प्रोजेक्ट २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० वर थांबतात, कारण ३.५ च्या आधीची सुसंगतता त्यातून काढली आहे.

लायब्ररी कुठे आहे ते हाताने लिहू नका. मॅकवर पॅकेजेस बसवणारं होमब्रू इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकल मध्ये आणि ॲपल सिलिकॉनवर /ऑप्ट/होमब्रू मध्ये बसवतं. फ्रीबीएसडीवर सगळी पॅकेजेस /यूएसआर/लोकल मध्ये जातात आणि तिथला कंपायलर तो फोल्डर आपणहून बघत नाही. "हेडर सापडत नाही" ही तक्रार फ्रीबीएसडीवर बहुतेक वेळा याचमुळे येते. लायब्ररींचे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगला विचारलं की या सगळ्याची उत्तरं तोच देतो.

स्क्रिप्ट्सबद्दल एवढंच : डेबियन आणि उबंटूवर साधं शेल म्हणजे डॅश असतं, बॅश नाही, आणि मजकूर बदलणाऱ्या सेडचा जागच्या जागी बदल करणारा पर्याय जीएनयू आणि मॅकवर वेगळ्या प्रकारे लिहावा लागतो. बदललेला मजकूर नव्या फाइलीत लिहून तिचं नाव बदललं की दोन्हीकडे चालतं.

एका लिनक्सवरची बायनरी दुसऱ्यावर न चालण्याचं कारण जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची जीएनयूची सी लायब्ररी. तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनला आवृत्तीची खूण असते आणि लिंक करताना तुमच्या मशीनवरची सगळ्यात नवी खूण बायनरीत जाते. उबंटू २२.०४ वर जीलिबसी २.३५ आहे, उबंटू २०.०४ आणि डेबियन ११ वर २.३१. २.३४ मध्ये थ्रेड्सची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवी खूण मिळाली. त्यामुळे २२.०४ वर बांधलेला अगदी दोन ओळींचा प्रोग्रामही २०.०४ वर "२.३४ सापडत नाही" म्हणून थांबतो. नव्यावर जुनं चालतं, जुन्यावर नवं चालत नाही. म्हणून तुम्हाला सांभाळायची असलेली सगळ्यात जुनी सिस्टिम कंटेनरमध्ये घ्या आणि तिथे बांधा. प्रकाशित करायच्या बायनरीसाठी मी हाच मार्ग सुचवतो.

दुसरा मार्ग म्हणजे अल्पाइन या छोट्या लिनक्सवर मसल ही सी लायब्ररी घेऊन सगळं स्थिर लिंक करणं, म्हणजे लायब्ररी बायनरीतच सामावून घेणं. ती बायनरी त्याच प्रोसेसरच्या जवळपास कुठल्याही लिनक्सवर चालते. मात्र मसलमध्ये नव्या थ्रेडला मुळात १२८ केबीचाच स्टॅक मिळतो. तुम्ही वाचायचा मोठा बफर थ्रेडच्या स्टॅकवर ठेवला असेल तर तिथे कोसळेल. तो हीपवर न्या. जीलिबसी स्थिर लिंक करायला जाऊ नका : वापरकर्त्याचं होम फोल्डर विचारणारी फंक्शन्स चालताना पुन्हा तिच्याच बाहेरच्या लायब्रऱ्या शोधतात.

मॅकवर किमान आवृत्ती डिप्लॉयमेंट टार्गेटने सांगा, दोन्ही प्रोसेसरसाठी एकत्रित बायनरी बनवा, आणि लोकांनी ब्राउझरमधून उतरवून घ्यायची असेल तर सही आणि नोटरायझेशन (ॲपलकडून तपासणी) करून द्या. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असेल तर सी चं रनटाइम स्थिर लिंक करा, म्हणजे समोरच्याला वेगळं काही बसवावं लागणार नाही. द्यायच्या आधी बायनरी कोणकोणत्या लायब्रऱ्या मागते ते पाहा : लिनक्सवर एलडीडी, मॅकवर ओटूल, विंडोजवर डंपबिन. मॅकच्या यादीत होमब्रूचा पाथ दिसला तर ती बायनरी फक्त तुमच्याच मशीनवर चालणार आहे.

सेटिंग्जच्या फाइलीबद्दल. क्रम ठरलेला ठेवा : कमांड-लाइनवरचं सगळ्यात वरचढ, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग वापरकर्त्याची फाइल, मग सगळ्या मशीनसाठीची फाइल, आणि शेवटी प्रोग्राममधलं मूळ मूल्य. लिनक्सवर एक्सडीजी या फोल्डरांच्या नियमाप्रमाणे चाला : त्याचं कॉन्फिग-होम व्हेरिएबल असेल तर ते, रिकामं किंवा दिलेलंच नसेल तर होममधलं .कॉन्फिग फोल्डर. त्या व्हेरिएबलमध्ये सापेक्ष पाथ आला तर तो सोडून द्यायचा, असंही तो नियम सांगतो, आणि बरेच प्रोग्राम हे विसरतात. मॅकवर खिडकीत उघडणारे ग्राफिकल प्रोग्राम लायब्ररी नावाच्या फोल्डरमधलं ॲप्लिकेशन सपोर्ट वापरतात, पण टर्मिनलवर काम करणारी माणसं .कॉन्फिग मध्येच शोधतात. तुमच्या प्रोग्रामला मी तेच ठेवीन. विंडोजवर सेटिंग्ज ॲपडेटामध्ये, पण काढून ठेवलेल्या चेकसमची कॅश लोकल ॲपडेटामध्ये ठेवा. पहिलं फोल्डर काही नेटवर्कवर वापरकर्त्याबरोबर मशीन बदलतं, आणि एका मशीनचे पाथ दुसऱ्यावर निरुपयोगी असतात.

सगळ्या मशीनसाठीच्या फाइलीचा पाथ बिल्डच्या वेळी बायनरीत लिहिला जातो. ऑटोटूल्सला प्रिफिक्स (बसवायचा मूळ फोल्डर) /यूएसआर दिला तर तो पाथ /यूएसआर/ईटीसी होतो, जिथे कोणी बघत नाही. म्हणून सिसकॉन्फडिर (सेटिंग्जचा फोल्डर) वेगळा /ईटीसी द्या. फ्रीबीएसडीवर तो /यूएसआर/लोकल/ईटीसी हवा. पॅकेज बनवणारे डेस्टडिर देतात ते फक्त फाइली तात्पुरत्या कुठे ठेवायच्या यासाठी. ते बायनरीत कधीही जाता कामा नये. फाइल वाचताना सुरुवातीचे २३९, १८७, १९१ हे तीन बाइट्स आले तर ते गाळा आणि ओळीच्या शेवटचा १३ ही गाळा, कारण विंडोजवरचे काही संपादक ते घालतात. शिवाय प्रोग्रामला असा एक पर्याय द्या जो कोणकोणत्या फाइली पाहिल्या, कोणती सापडली आणि प्रत्येक मूल्य कुठून आलं ते छापेल. लोकांच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर त्यांना तिथेच मिळतं, आणि उरलेल्या निम्म्यांत तुम्हाला पहिला प्रश्न विचारावा लागत नाही.

कामाला लागताना आधी विंडोजचं वाचन दुरुस्त करा, मग क्यूसॉर्ट-आर काढा, मग फरक दोन फाइलींत हलवा आणि त्यानंतरच सीमेककडे वळा. प्रत्येक टप्प्यावर चारही सिस्टिम्सवर आपोआप बांधून चाचण्या चालतील अशी व्यवस्था लावा. नुसतं कंपाइल होणं पुरेसं नाही, तुमच्या तिन्ही तक्रारी कंपाइल झालेल्या प्रोग्रामच्याच आहेत. चाचणीसाठी छोट्या फाइली ठेवा : एक रिकामी, एक जिच्या मधोमध २६ हा बाइट आहे, एक १३-१० च्या ओळींची, एक फक्त १० च्या ओळींची, एक ऱ असलेल्या नावाची. २ जीबीच्या पुढची फाइल चाचणीनेच तयार करून पुसावी. या फाइली गिटमध्ये टाकताना गिटॲट्रिब्यूट्समध्ये त्यांच्यापुढे बायनरी असं लिहा. नाहीतर विंडोजवर कोड उतरवताना गिट ओळींचे शेवट बदलतं, १० च्या ओळींची फाइल १३-१० ची होते, आणि प्रोग्राम बरोबर असूनही चाचणी नापास होत राहते. कॉन्फिगर आणि शेलच्या बाकी स्क्रिप्ट्सना त्याच फाइलीत ओळीचा शेवट १० असा बांधून द्या. त्यात १३ शिरला तर लिनक्सवर इंटरप्रिटरच सापडत नाही असं उत्तर येतं.